मामांनी जुळवलेल्या दोन ओळी

"ह्ये काय बरं न्हाई झालं," असं मामा म्हणायचे ते हस्तलिखिताला. डाव्या हातात छपाईचे खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवरून भराभर फिरतो आहे आणि डोळे समोर टाचलेल्या कागदावर. मध्येच हात थांबायचा, मान दोनदा हलायची आणि हे वाक्य यायचं. मग हात पुन्हा चालू. कथेत कुणावर तरी अन्याय झाला आहे, एवढं आम्हाला त्यावरून कळायचं.

युद्धाची वर्षं होती. मी सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होतो आणि मामा तिथले जुने जुळारी होते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. मालकांपासून मशीनवाल्यांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मी आधी दोन वर्षं शाळेत शिकवलं होतं, म्हणून ते मला मास्तर म्हणत. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पंचांगं, जे येईल ते मामा जुळवत. पण जीव होता तो आमच्या छापखान्यातून निघणाऱ्या मासिकातल्या कथांवर.

नायकावर जीव लावणारे वाचक तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मामांचं उलट होतं. लेखक ज्याला झोडपतो आहे, त्याच्याकडे त्यांचं लक्ष असे. एका कथेत एक सावत्र आई होती, पोराला उपाशी ठेवणारी. मामांनी ते पान जुळवलं आणि मला विचारलं, "मास्तर, त्या दिशी ती सोता काय जेवली, ते लिवलंच न्हाई."

मी म्हटलं, "लेखकाला ते सांगायचं नाही, मामा."

"सांगायचं न्हाई, का बघायचं न्हाई?"

मी हसलो आणि पुढचं प्रूफ ओढलं. त्या काळी मला ते हसण्यासारखंच वाटत होतं.

मग ती कादंबरी सुरू झाली. लेखक पुण्याचे वकील होते. दर महिन्याला एक प्रकरण टपालानं येई. कृष्णाकाठच्या एका गावातले दोघे पलटणीत भरती होतात. जयवंत हा नायक, आणि शिदू त्याचा लहानपणापासूनचा सोबती. आफ्रिकेच्या वाळवंटात जयवंतच्या पायाला गोळी लागते. तो पाणी मागतो. शिदू बाटली घेऊन विहिरीकडे जातो आणि परत येत नाही. पुढे जयवंत एक पाय गमावून गावी येतो, तर शिदू आधीच धडधाकट येऊन बसलेला. गाव त्याच्याशी बोलणं टाकतं.

आमच्या भागात घराआड एक माणूस पलटणीत. वाचकांना कादंबरी लागली ती लागलीच. पत्रांचा ढीग पडे आणि निम्म्या पत्रांत शिदूला शिव्या असत. वाईच्या एका गृहस्थांनी त्याला काय शिक्षा द्यावी याची यादी पाठवली होती. मामा जेवणाच्या सुट्टीत ही पत्रं मागून घेत आणि भाकरी खाता खाता वाचत. सगळी वाचून झाली की नीट घडी घालून परत ठेवत. एकदा एवढंच म्हणाले, की पाणी आणायला गेला इथपर्यंत लिहिलं आहे आणि पळाला हे लिहिलं आहे, पण मधलं कुठंच नाही.

ज्या प्रकरणात जयवंतला ती दुपार पुन्हा आठवते, त्याची पानं लागत होती. शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा उरली. लेखकांचं वाक्य होतं, "शिदू पाण्याच्या निमित्ताने गेला तो गेलाच." माझ्याकडे प्रूफ आलं तेव्हा त्याखाली आणखी दोन वाक्यं होती.

"विहीर कोरडी होती. रिकामी बाटली घेऊन कोणत्या तोंडाने परत जावे, हे त्याला सुचेना."

मी हस्तलिखित उलटसुलट पाहिलं. ही वाक्यं त्यात नव्हती. मामांच्या बोलण्यातलीही नव्हती. इतके महिने लेखकांची भाषा त्यांच्या बोटांखालून गेली होती, तिथून ती आली होती. मी प्रूफ घेऊन त्यांच्यापाशी गेलो. ते खिडकीजवळच्या केसपाशी उभे होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं, की पान दोन ओळींनी तोकडं पडत होतं.

खरं तर मी ती वाक्यं खोडायला हवी होती. त्यासाठीच मला ठेवलं होतं. मी प्रूफवर सही केली. कारण विचाराल, तर ती वाक्यं मला आवडली, एवढंच सांगता येईल.

अंक गेला आणि पत्रांचा सूर बदलला. पलूसच्या एका शिक्षकांनी लिहिलं, की वर्गात मुलांचे दोन तट पडले आहेत. साताऱ्याच्या एका बाईंनी शिदू दुसऱ्या विहिरीवरून पाणी घेऊन परत येतो आणि तोवर जयवंतला उचलून नेलेलं असतं, असा सबंध प्रसंग स्वतः लिहून पाठवला. पेन्शनीत आलेल्या एका सुभेदारांचं कार्ड होतं, त्यावर एकच ओळ : तिकडच्या विहिरी कोरड्याच असतात. ते कार्ड मामांनी परत दिलं नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, एक बाई छापखान्यात आली. पंचविशीची असेल. पलूसच्या पुढच्या एका खेड्यातून आली होती. हातात आमचा अंक, गुंडाळून सुरळी केलेला. मालक बाहेर गेले होते, म्हणून तिनं मलाच सगळं सांगितलं. तिचा नवरा लढाईवरून परत आला होता. आल्यापासून गोठ्यात बसून असे. जेवायला हाक मारली तरी येत नसे. त्याच्या गावचा जोडीदार तिकडेच राहिला होता आणि त्यावरून लोक काहीबाही बोलत. गावातले शाळामास्तर दर महिन्याला चावडीवर कादंबरी वाचून दाखवत. तो आत जात नसे, पण भिंतीला टेकून ऐके.

"त्या दिशी घरला आलं आन् म्हनलं, कोरडीच व्हती गं. आमची बी कोरडीच व्हती. मग लय येळ बोलत बसलं. साल झालं, एवढं कवा बोललं न्हवतं."

ती म्हणाली, "लिवनाऱ्यास्नी सांगा, म्होरं त्या शिदूला मारू नगा. ह्ये बी ऐकत्यात."

मी म्हटलं, लेखक पुण्याला असतात, कळवतो. मामा खिडकीपाशी उभे होते. त्यांचा हात थांबला होता. त्यांनी फक्त विचारलं, "धनी जेवत्यात का आता?"

"दोन येळा जेवत्यात," ती म्हणाली आणि पदर सावरून गेली.

पुढचं प्रकरण आदल्याच दिवशी टपालानं आलं होतं आणि मामांच्या केसवर टाचलेलं होतं. त्यात गावाच्या तिरस्कारानं शिदू कृष्णेच्या डोहात उडी घेतो, आणि जयवंत म्हणतो की न्याय झाला. मामांना ते ठाऊक होतं. पहिलं पान त्यांनी सकाळीच जुळवलं होतं.

मालक परत आल्यावर मामा त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "ह्ये परकरण मी जुळवत न्हाई."

मालकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. मग मामांनी बाईची हकिकत सांगितली, आणि ती सांगायची तर त्या दोन वाक्यांचंही सांगावं लागलं. मालकांचा चेहरा उतरला. तपासनिसानं काय पाहिलं, असं त्यांनी विचारलं. मी चार हातांवर उभा होतो. मामा शांतपणे म्हणाले, की मास्तरांची सही झाल्यावर त्या ओळी घातल्या, त्यांना ठाऊक नाही.

मी काही बोललो नाही. जे मी आज लिहितो आहे, ते तेव्हाही बोलता आलं असतं.

मालकांच्या पत्रावरून लेखक चार दिवसांनी मिरजेला गाडीतून उतरून टांग्यानं आले. उंच, नीटनेटके गृहस्थ. रागावले होते, पण आवाज चढवला नाही. आपण न लिहिलेली वाक्यं आपल्या नावानं छापली गेली, उद्या कुणीही काहीही छापेल, असं ते मालकांना म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग ते मामांकडे वळले.

"शिदू माझा आहे. तो कसा आहे ते मला ठाऊक आहे."

"व्हय, तुमचाच हाय," मामा म्हणाले. "म्हनून तर तुमास्नी सांगतोय. ती बाई मला इचारायला न्हवती आली."

लेखक खुर्चीवर बसले. बाई काय म्हणाली, ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी प्रकरणाचे कागद मागून घेतले, पिशवीत ठेवले आणि दोन गोष्टी मालकांना सांगितल्या. पहिली, या महिन्यात कादंबरी छापू नये. दुसरी, हा माणूस माझ्या मजकुराला पुन्हा हात लावणार नाही.

कादंबरीसाठी दुसरा जुळारी ठेवायचा, तर लहान छापखान्याला दोघांचा पगार झेपणारा नव्हता. महिनाअखेर मामा गेले. जाताना त्यांनी आपल्या केसचे खण फुंकून साफ केले, चुकून भलत्या खणात पडलेले खिळे वेचून जागच्या जागी टाकले, आणि नदीपलीकडे गावाकडं जातो म्हणाले. मी दारापर्यंत गेलो. सहीबद्दल बोलावं असं मनात होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चष्म्याचा नंबर बदलून घ्या, एवढं सांगून पायऱ्या उतरले.

नवीन प्रकरण आलं ते अर्ध्यानं लहान होतं. शिदू डोहात गेला नाही. एका पहाटे तो गाव सोडून निघून गेला, एवढंच एक वाक्य होतं आणि पुढे त्याचं नाव आलं नाही. शिदू कुठे गेला असेल, हे सांगणारी पत्रं मात्र वर्षभर येत राहिली.

सुगीनंतर ती बाई पुन्हा आली. या वेळी नवरा बरोबर होता. अंगानं किडकिडीत, डोक्यावर खाकी टोपी. लेखक भेटतील का, असं तिनं विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. ती वाक्यं पुण्याच्या लेखकांची नव्हती, इथल्या जुळाऱ्याची होती. तो खिडकीपाशी उभा राहून काम करत असे.

नवरा खिडकीपाशी गेला. केसपुढे उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली.

"कुठल्या गावचं ते?" त्यानं विचारलं.

मला सांगता आलं नाही. सात वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं आणि नदीपलीकडे, यापुढचं मला काही ठाऊक नव्हतं. हजेरीपुस्तकात पाहिलं, तिथं फक्त नाव होतं.

त्यानं बरोबर आणलेली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी केसवर ठेवली. मग दोघं मोटार स्टँडच्या रस्त्याला लागली, तो पुढे आणि ती दोन पावलं मागे. त्या शेंगा दोन दिवस तशाच होत्या. तिसऱ्या दिवशी मशीनवाल्यांनी वाटून खाल्ल्या. मूठभर मीही खाल्ल्या.