मिक्सरच्या मोटरी आणि केरबाचा भंडारा

केरबा मेटकरी म्हणजे तोंडाचा फाटका माणूस. सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात लेथवर वीस वर्षं काढलेली. हातात कसब, पण जिभेला हाड नाही. मूळचा आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. ज्यांना धड कानस धरता येत नाही ती पोरं उद्या इंजिनीअर होणार, या विचारानं त्याचं टाळकं रोज सकाळी फिरायचं ते संध्याकाळपर्यंत फिरतच राहायचं.

अठ्ठ्याण्णव साली कोरेगावची उत्कर्षा आणि तिच्या वर्गातला शौनक रोबोटच्या स्पर्धेसाठी चेंडू फेकायचं यंत्र घेऊन त्याच्या उरावर बसले. मिक्सरच्या दोन मोटरी, त्यांवर दोन लाकडी चाकं, चाकांवर स्कूटरच्या ट्यूबचं रबर. उलटसुलट फिरणाऱ्या चाकांच्या फटीत चेंडू सारला की तो पंधरा फुटांवरच्या घमेल्यात पडायला हवा.

"मिक्सरनं चेंडू फेकायचा," केरबा म्हणाला, "मग चटणी काय गोफणीनं वाटायची?"

चाकं मात्र त्यानंच कातून दिली. तीही दोनदा, कारण शौनकनं माप चुकवलं होतं. "डोळं काय नुसतं चष्मा अडकवायला दिल्यात व्हय रं?" असं सगळ्या वर्कशॉपसमोर त्याला विचारून झालं. शौनकनं यंत्राला लिंबू-मिरची बांधली, तर केरबानं ती तोडून त्याच्या हातात दिली. "लिंबानं मोटर फिरती व्हय? सरबत कर जा त्याचं!"

उत्कर्षा चाचण्या घेत होती. दहातले दोन चेंडू घमेल्यात पडले, मग पाच, शेवटी नऊ. नववा खणकन वाजला तेव्हा केरबा पाठ फिरवून हसला. पोरगी लय गुणाची, पण तोंडावर सांगेल तर तो केरबा कसला!

शनिवारी विभागप्रमुख पाटणकर सर बघायला येणार होते. सात पडले तर पुण्याची स्पर्धा, नाहीतर नाव रद्द. उत्कर्षाचं हे शेवटचं वर्ष होतं.

सर यायच्या आधी, आसपास कुणी नाहीसं बघून केरबानं खिशातनं पुडी काढली. बिरोबाचा भंडारा. त्याच्या घरी नवं मेंढरू येवो की नवी मोटरसायकल, हळद लागल्याशिवाय पुढचं काम नाही. त्यानं चिमूट चिमूट दोन्ही चाकांना लावली आणि चांगली चोळली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

सर आले, मोटरी सुरू झाल्या. पहिला चेंडू चाकांतून घसरून दोन फुटांवर पडला. दुसरा तसाच. तिसरा, चौथाही.

"बस्स," सर म्हणाले. "मिक्सर स्वयंपाकघरातच बरा, उत्कर्षा. नाव काढून टाकतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबानं पायाशी आलेला चेंडू उचलला. पांढरा चेंडू दोन्ही अंगांनी पिवळा झाला होता. रबरावर कोरडी हळद, मग पकड येणार कुठनं? अरे माझ्या कर्मा! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या, आणि आता स्वतःचीच एक मांडायची पाळी आली. त्यात शौनक समोरच उभा. सर दारापाशी पोचले.

"सायेब, थांबा! पोरीची चूक न्हाई. म्याच चाकास्नी हळद चोळली. देवाची."

मग शौनकनं चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हळदीनं मोटर फिरती व्हय, मामा?"

असा हशा उसळला की केरबाला लेथखाली शिरावंसं वाटलं. सरही हसले आणि परत येऊन बसले. एकटी उत्कर्षा हसली नाही. तिनं पेट्रोलचं फडकं घेऊन चाकं घासली आणि पुन्हा बटण दाबलं. घमेलं आठदा वाजलं.

पुण्यात चाकं दुरुस्त करायला माणूस हवा म्हणून केरबालाही धाडायचं ठरलं. निघायच्या दिवशी तो धुवट टोपी घालून एस.टी. स्टँडवर आला आणि यंत्राच्या खोक्याला हात घालू लागला. उत्कर्षानं खोका मागं ओढला.

"आधी खिसे उलटे करा, मामा."

"आगं, आता पुन्यांदा कशाला..."

"करा."

डावा खिसा रिकामा निघाला. उजव्यातनं पुडी पडली.