आईच्या कमरेचं माप

आई मीरा रोडच्या घरी ब्लाउज शिवायची. गावी चुलीच्या धुराने तिची फुप्फुसं कायमची अधू झाली होती. दम लागतो म्हणून ती चालेनाशी झाली आणि पोट सुटलं. आम्हाला वाटलं, अंग धरतेय, बरंच आहे.

दोन हजार सहाच्या सुमारास डॉक्टरांनी तिच्या कमरेला टेप लावली. "मावशी, साखरही वाढलीय. पोटाची चरबी फुप्फुसांना पसरू देत नाही. रोज चाला."

"दम लागतो म्हणून तर चालत नाही," आई म्हणाली.

"थांबत थांबत चाला."

दुसऱ्या दिवशी मी तिला हात धरून गेटपर्यंत नेलं. वर्षभरात पोट उतरलं, साखर आटोक्यात आली, ती एकटी बाजारात जाऊ लागली. फुप्फुसं मात्र सुधारली नाहीत. चार वर्षांनी ती फुप्फुसांच्या त्या आजारानेच गेली.