वहिदाच्या पोटातली गाठ

छावणीत वहिदाच्या हातच्या ब्लाऊजला नाव ठेवायला जागा नाय. लग्नानंतर सात वर्षांनी तिला पोरगी झाली, युसरा, तीही सिझेरियननं. चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं व्हायच्या आत बाईला ताप चढायला लागला अन् बेंबीखाली गाठ हाताला लागली. ज्या दवाखान्यात पोट फाडलं, तिथलाच डॉक्टर म्हणाला, "पोटाचा टीबी आहे. गोळ्या सुरू करा."

घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला दुधातून लागंल, ही धास्ती. डॉक्टरला विचारावं एवढंही कुणाला सुचलं नाय. वहिदानंच पोर उचलली अन् थोरल्या जावेच्या, रुक्सारच्या मांडीवर ठेवली. रुक्सारचा नोमान तेव्हा अंगावर पीत होता.

"भाबी, तुमीच पिलाओ इसकू," म्हणाली, अन् दूध आटावं म्हणून छाती आवळून बांधली.

त्यांच्या घरचा रिवाज असा, की दूध पाजणारी आईच होते. नोमान युसराचा सख्खा भाऊ झाला, जन्मभराचा. वहिदाला तेव्हा बरंच वाटलं. आपण मेलो तरी पोर उघडी पडणार नाय.

दीड वर्ष मूठमूठ गोळ्या खाल्ल्या. केस गेले, डोळे पिवळे पडले, गाठ जागची हलली नाय. शेवटी नवरा फारूखनं दुसरा दवाखाना गाठला. पोट उघडलं, तर आत रक्त टिपायचं फडकं! हातभर! टीबी नाय न् काय नाय. अरे, वहिदाची एक सुई सांडली तर ती सतरंजी झटकल्याबिगर उठत नाय, अन् या शिकलेल्यांनी फडकं आत ठेवून टाके घातले! हात झडो त्यांचे! पहिला डॉक्टर काय म्हणतो? "होतं कधी कधी. आता बऱ्या झालात ना?"

नव्या डॉक्टरीणबाईनं आणखी एक सांगितलं. पोटाचा टीबी असता, तरी दुधातून लागला नसता.

टाके वाळल्यावर वहिदानं फ्रॉक शिवला अन् रुक्सारच्या खोलीत गेली. युसरा जावेमागं दडली. रुक्सार भली बाई, तिनंच पोरीला पुढं ढकललं, "जा, अम्मी है तेरी."

पोरीनं फ्रॉक घालून घेतला अन् पळत जाऊन रुक्सारच्याच मांडीवर बसली.

"अम्मी, देखो! चाची दी!"

वहिदानं भांडावं तरी कुणाशी? पोर तिनंच नेऊन दिली होती.