तांदळावरचं नाव

लग्नात उपेंद्रने ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘मृणालिनी’ लिहिलं, तेव्हा प्रभावती हरखून गेली. नवऱ्याने आपल्यासाठी बसून किती गोड नाव शोधलं! शोधलं कसलं, कपाळ! मृणालिनी त्याची पहिली बायको. ती वारल्याचं त्याने प्रभावतीच्या माहेरी सांगितलं होतं; तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. शारजात, अल नहदाच्या फ्लॅटवर पोचल्यावर प्रभावतीला ते कळलं.

“संजना दोन वर्षांची आहे. तिला काही कळायला नको,” पहिलीपासूनच्या लेकीकडे बघत उपेंद्र म्हणाला. “तिच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव मृणालिनीच आहे. उगाच डोक्याला ताप कशाला?”

पहिलीचे फोटो त्याने गावी धाडले, पोरीचं आजोळ तोडलं. आणखी मूल नको, हेही त्यानेच ठरवलं. प्रभावतीने संजनाचा गोवर काढला, तिच्या वेण्या घातल्या, आणि पोर तिला आई म्हणू लागली. पण कराडहून तिच्या आईने फोनवर “प्रभा” म्हटलं की उपेंद्र मागून ओरडे, “मृणालिनी म्हणा!” म्हातारी बिचारी तेही शिकली. मग तीही गेली. आता ‘प्रभा’ म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. प्रभावतीला एवढंच हवं होतं, या घरात कुणीतरी एकदा आपल्याला आपल्या नावाने हाक मारावी. फार मोठं मागणं होतं का हे?

२००४ साली एका शुक्रवारी उपेंद्रच्या साहेबाने तिघांना दुबई मरीनातल्या घरी जेवायला बोलावलं. साहेब कॅनडातल्या क्युबेकचा, घरात फ्रेंच बोलणारा. त्याची आई गिलेन मुलाकडे राहायला आली होती. म्हातारीला वंशावळीचं भारी वेड.

“आमचा मूळपुरुष फ्रान्सहून आलेला शिपाई,” ती रंगात येऊन इंग्रजीत सांगू लागली. “फौजेत त्याला लाफ्लर म्हणायचे, म्हणजे फूल. पुढे कुणी खरं आडनाव लावलं, कुणी हे टोपणनाव. पुरुष शोधताना जीव जातो. बायका मात्र पटकन सापडतात. लग्न झालं तरी चर्चमध्ये बाईची नोंद माहेरच्याच नावाने. आई, तिची आई, तिची आई, असं करत मी थेट फ्रान्सहून आलेल्या जहाजापर्यंत पोचले!”

मग पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, “एक चाल मात्र वाईट होती. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. माझ्या मावशीला मेलेल्या बहिणीचं नाव दिलं होतं. ती म्हणायची, मला कुणी कधी हाकच मारली नाही.”

प्रभावतीचा घास हातातच राहिला. उपेंद्रने ते पाहिलं आणि टेबलाखालून तिचा पाय दाबला. तो दाबला नसता, तर बाई कदाचित गप्पच बसली असती.

“माझंही तसंच आहे,” ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. “मी प्रभावती. मृणालिनी ह्यांची पहिली बायको. ती गेली, म्हणून मला आणलं.”

चौदा वर्षांच्या संजनाने काटा खाली ठेवला. “देन हू आर यू?”

परतताना गाडीत उपेंद्र भडकला. “खलास! झालं समाधान? एका नावापायी पोरीचं वाटोळं केलंस.”

प्रभावतीने मागे वळून हात पुढे केला. संजना आणखी कोपऱ्यात सरकली.

शनिवारी सकाळी शाळेआधी प्रभावतीने पोरीच्या आवडीची थालीपिठं केली, कंगवा घेऊन वाट पाहत बसली. संजना आली ती स्वतःच वेण्या घालून. उपेंद्र समोर चहा पीत होता. एरवी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी पोरगी आज स्वच्छ मराठीत म्हणाली, “प्रभावती आंटी, माझा डबा द्या.”

नाव चुकलं की मागून ओरडणारा उपेंद्र या वेळी काही बोलला नाही.