सायप्रसचा ढग आणि दुखानच्या कुरडया

कतारमधल्या दुखानच्या कंपनी-कॉलनीत वसंतराव पाटणकरांना सगळे 'हवामान खातं' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण वसंतरावांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. कुणी नवीन पोरगं पुण्याहून येऊन 'कतारला कसलं आलंय हवामान, एक उन्हाळा आणि एक जरा बरा उन्हाळा' असं बोललं, की त्याचं काही खरं नसायचं. वसंतराव त्याला चहाला थांबवून घेत आणि चहा गार होईपर्यंत सोडत नसत.

माणूस मूळचा नाशिकचा. सव्वीस वर्षं तेलाच्या फील्डवर इन्स्ट्रुमेंटचं काम. प्रेशर गेजचा काटा एक रेघ इकडेतिकडे झाला तर यांना त्या दिवशी जेवण जायचं नाही. आकडा दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची कामावरची ख्याती. आणि हाच गृहस्थ हवामानाच्या बाबतीत मात्र नाकाने वास घ्यायचा, गुडघा चाचपून बघायचा आणि तनवीरला फोन लावायचा.

तनवीर हा त्यांचा जुना सहकारी, मुरुडकडचा. सहा वर्षांपूर्वी दुखान सोडून नोकरीसाठी सायप्रसला गेला. बाकीचे लोक जुन्या मित्राला फोन करून बायकामुलांची खुशाली विचारतात. वसंतराव विचारायचे, "काय रे, कपडे वाळतायत का तुमच्याकडे?"

त्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. शाळेत भूगोलात भूमध्य सागरी हवामान शिकवलं होतं: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. तर तिकडे हिवाळ्यात जे ढग उठतात, तेच सायप्रसला भिजवून, इराक ओलांडून, चौथ्या दिवशी उरलेसुरले दुखानला येतात. आता यात तथ्य नव्हतं असं कोण म्हणेल? एका नोव्हेंबरात त्यांनी सगळ्यांना खालच्या पार्किंगमधून गाड्या हलवायला लावल्या होत्या. लोक हसत हसत उठले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे गुडघाभर पाणी. त्या एका दिवसाच्या पुण्याईवर वसंतराव पुढची पाच वर्षं बिनदिक्कत चुकत आले. गेल्या दिवाळीत त्यांच्या सांगण्यावरून मंडळाने फराळ बागेतून हॉलमध्ये हलवला, आणि बाहेर असं लख्ख ऊन पडलं की मुलं खिडकीला नाकं लावून बसली. वसंतरावांनी शांतपणे करंजी खाल्ली. ढग वळला म्हणाले.

त्यांची बायको शशिकला हे सगळं सव्वीस वर्षं ऐकत आली होती. ऐकत म्हणजे खरोखर ऐकत. सकाळी कपडे दोरीवर टाकायच्या आधी मागच्या दारातून विचारायची, "अहो, घालू का बाहेर?" आणि हे अंगणात जाऊन, मान वर करून, डॉक्टरने नाडी बघावी तसा चेहरा करून सांगायचे. निम्म्या वेळा चुकायचे. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारायची. संसार म्हणतात तो हाच, दुसरं काय.

तर यंदा जानेवारीत प्रश्न कपड्यांचा नव्हता. प्रश्न कुरडयांचा होता.

नुपूर, यांची एकुलती एक, दोह्यात वेस्ट बेला बँकेत होती, सुट्टीला तेवढी घरी यायची. तिचं लग्न ठरलं होतं, नाशिकला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. लग्नाचं सगळं एका इव्हेंटवाल्याकडे. मेंदी त्याची, फुलं त्याची, जेवण त्याचं, नवरानवरीने कुठून चालत यायचं तेही तोच ठरवणार. शशिकलाच्या वाट्याला काय आलं, तर त्याने पाठवलेल्या फोटोंना फोनवर अंगठ्याची खूण पाठवणं.

"मुलगी माझी आणि लग्न त्या माणसाचं," ती एकदा भांडी लावता लावता म्हणाली. वसंतराव हसले. ती हसली नाही हे त्यांना जरा उशिराच कळलं.

मग तिने जाहीर केलं की रुखवत मी करणार. मुलीच्या लग्नात आईच्या हातचे पदार्थ मांडायचे असतात, ते तरी मला करू द्या. लाडू, चिवडा नाशकात जाऊन होईल. पण कुरडया इथेच, माझ्या अंगणात.

"आई, ऑर्डर कर ना," नुपूर फोनवर म्हणाली. "दे कम इन अ लव्हली बॉक्स. नोबडी मेक्स देम नाउ."

"म्हणूनच करणार," शशिकला म्हणाली.

आता कुरडया म्हणजे काही भजी नव्हेत, की मनात आलं आणि तळली. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे शिजवून, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या, आणि त्यानंतर दोन दिवस कडकडीत ऊन. एकदा गहू पाण्यात पडले की माघार नाही. थांबलात तर चीक आंबतो. म्हणजे ऊन पाहिजे पाचव्या दिवशी आणि ठरवायचं आज. गावाकडे हे काम एप्रिलमध्ये करतात, डोळे झाकून. दुखानला एप्रिल-मेमध्ये धूळ येते, कुरडईच्या प्रत्येक तारेत वाळू भरते. पुढे ऑगस्टात हवा इतकी दमट की पापडसुद्धा घाम गाळेल. राहिला हिवाळा. आणि इथला पाऊस, मेला, नेमका हिवाळ्यात.

विमान अठ्ठावीस तारखेचं. बारा तारखेला शशिकलाने विचारलं, "अहो, गहू भिजवू का?"

असा प्रश्न वसंतरावांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पाच दिवसांचा अंदाज, आणि तोही घरच्या कार्यासाठी. त्यांनी लगेच सायप्रसला फोन लावला.

"काय सांगू वसंतराव," तनवीर म्हणाला, "दोन दिवस नुसता झोडपतोय. बाल्कनीतली खुर्ची उडून शेजाऱ्याकडे गेली."

वसंतरावांनी फोन ठेवला आणि निकाल दिला. "थांब. ढग येतोय."

शशिकला थांबली. तेरा तारखेला ऊन पडलं. चौदाला त्याहून छान. पंधराला शेजारच्या साजिदाने, कोळिकोडच्या बाईने, गाद्या-उशा सगळं उन्हात घातलं. सोळाला शशिकला रिकाम्या अंगणात खुर्ची टाकून बसली आणि उन्हाकडे बघत राहिली.

"कुठवर आलाय तुमचा ढग?" तिने विचारलं.

"बसऱ्यापर्यंत आला असेल."

सतराला त्यांनी कबूल केलं की ढग इराणकडे वळला.

शशिकला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे डबा काढला, गहू निवडलेले होतेच, ते पातेल्यात ओतले आणि वर पाणी सोडलं. "माझे पाच दिवस गेले तुमच्या ढगापायी," ती म्हणाली. "आता हे बिघडलं तर परत भिजवायलाही वेळ नाही. यापुढे मला हवामान सांगू नका. मी फोनवर बघते." आणि तिने बघितलं. फोन म्हणाला, पावसाची शक्यता तीन टक्के.

वसंतरावांना हे लागलं. फार लागलं. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी काय काय म्हणालं होतं, पण 'सांगू नका' असं कुणी म्हणालं नव्हतं. ते गप्प झाले. मोठ्या माणसांचा रुसवा लहान मुलांपेक्षा वाईट, कारण त्याला ते स्वाभिमान म्हणतात. सकाळी अंगणात जाणं त्यांनी बंद केलं. तनवीरने एकोणीसला आपणहून एक व्हिडिओ पाठवला: उलटी झालेली छत्री आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी. वसंतरावांनी तो पाहिला आणि फोन खिशात ठेवला. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.

गहू साजिदाच्या इडलीच्या ग्राइंडरवर वाटले गेले. चीक छान बसला. बावीस तारखेला, गुरुवारी, शशिकला चार वाजता उठली. वसंतराव कामावर निघाले तेव्हा सव्वासहा झाले होते आणि अंगणात पांढऱ्या चादरींवर कुरडयांच्या तीन ओळी पडल्या होत्या. हिंगाचा आणि शिजलेल्या चिकाचा वास सगळीकडे. तिचे केस कपाळाला चिकटलेले, पण चेहरा असा उजळलेला की गेल्या सहा महिन्यांत त्यांनी तो तसा पाहिला नव्हता.

ते गाडीचं दार उघडायला गेले आणि थांबले. वारा चुकीच्या गालाला लागत होता. रोजचा वारा वायव्येकडून यायचा, कोरडा. हा उलट बाजूने येत होता, आग्नेयेकडून, ओलसर, कोमट. गाडीच्या काचेवर दमट साय धरली होती. इथे पावसाच्या आधी वारा असाच फिरतो, हे सायप्रसला न विचारता त्यांना कळत होतं. या बाबतीत ते कधीच चुकले नव्हते.

शशिकलाने सोऱ्या हातात धरून वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही," वसंतराव म्हणाले. "येतो."

साडेअकराला कंट्रोल रूमच्या खिडकीतून त्यांना तो ढग दिसला. त्यांनी आजवर कधी ड्यूटी मध्येच सोडली नव्हती. त्या दिवशी सुपरवायझरला 'घरी काम आहे' एवढंच सांगून ते निघाले. दहा मिनिटांच्या रस्त्यात काचेवर पहिले थेंब आले, आणि कॉलनीच्या वळणावर वायपर लावावा लागला.

शशिकला आणि साजिदा चादरी ओढत होत्या. वसंतराव बुटांसकट धावले. तिघांनी मिळून जेवढं उचलता आलं तेवढं आत नेलं. कडेची ओळ गेली. पाण्यात तिच्या तारा सुटल्या आणि चादरीवर नुसती खळ उरली. शशिकला ती चादर घेऊन मोरीपाशी उभी राहिली आणि रडली. साजिदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. वसंतराव दारात उभे होते, आणि आपण काय केलं हे त्या घरात फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होतं.

मग त्यांच्यातला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. एसी हवेतलं पाणीच तर खेचून घेतो. त्यांनी नुपूरच्या खोलीत पलंगावर, टेबलावर, कपाट आडवं पाडून त्याच्या पाठीवरसुद्धा चादरी पसरल्या, एसी सोळावर टाकला, तिन्ही पंखे आणून लावले. संध्याकाळपर्यंत खोलीचं शिमला झालं. दुखानमध्ये, जानेवारीत, एसी लावून दोघं नवराबायको शाली पांघरून कुरडयांना राखण बसली होती. कुणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. पण कुरडया वाळत होत्या. शंभरातल्या साठ-पासष्ट तरी वाचल्या होत्या, जराशा पिवळट. रुखवताला पुरून उरतील इतक्या.

 मग शशिकलाने एक कुरडई उलटली आणि वर न बघता विचारलं, "सकाळी गाडीपाशी थांबलात. तुम्हाला कळलं होतं ना?"

वसंतरावांना खोटं बोलता आलं असतं. "हो," ते म्हणाले.

"आणि बोलला नाहीत."

"तू नको म्हणाली होतीस." हे बोलताना ते किती पोरकट वाटतं ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. मग ते म्हणाले, "रागावलो होतो तुझ्यावर."

"मग माझ्यावर ओरडायचं होतंत. कुरडयांनी काय केलं होतं तुमचं?"

वसंतरावांनी पंख्याचं तोंड जरा कुरडयांकडे वळवलं.

"तुमचा चुकलेला पाऊस मी सव्वीस वर्षं ऐकला," शशिकला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त टोचला. "मी चिडले, चिडणारच. दुसऱ्या दिवशी परत विचारलंच असतं ना? आज तुमचं बरोबर होतं, आणि आजच तोंड मिटून गेलात." तिने शाल ओढून घेतली. "पुढच्या महिन्यात या खोलीत कुणी नसणार. चुकलं तरी बोलत जा. तुम्हीही गप्प बसलात तर मी या घरात कुणाचं ऐकायचं?"

वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. पाऊस थांबला होता. वारा वायव्येकडून येत होता, थंड आणि कोरडा.

"उद्या ऊन पडेल," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, हवामानाच्या बाबतीत आजवर कधी न वापरलेला शब्द त्यांनी वापरला. "बहुतेक."

शशिकला उठली, तिने कोरड्या चादरींच्या घड्या केल्या आणि सकाळसाठी मागच्या दारापाशी नेऊन ठेवल्या.