सिनेमातल्या शेवटच्या धावपटूच्या शोधात

सकाळी साडेसहाच्या बसने नाशिक सोडलं. एका हिंदी सिनेमातलं मैदान पाहायला मी दोन दिवसांची रजा टाकली आहे, हे ऐकून नवरा स्वयंपाकघरात गेला. त्याने डबा भरून दिला. मी चव्वेचाळीस वर्षांची, शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. असली कामं मी एरवी करत नाही. येवला गेलं, वैजापूर गेलं, आणि प्रत्येक थांब्यावर मी उगाच खाली उतरून परत चढत होते. शेवटी कंडक्टरने तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलं.

सिनेमा साधा आहे. पंधराशे मीटर धावणारी एक मुलगी आणि सरावात तिच्यापुढे धावून तिला वेग धरून देणारा एक मुलगा. त्याचं कामच असं, की रोज तिच्या पुढे राहायचं आणि शेवटच्या फेरीत बाजूला व्हायचं. अख्ख्या सिनेमात प्रेमाचा शब्द कोणी काढत नाही. शेवटच्या शर्यतीत ती चौथी येते, पदक हुकतं, आणि ती सरळ कठड्यापाशी जाते. तोही कठड्याबाहेरून धावत आलेला असतो. दोघं धापा टाकत समोरासमोर उभी राहतात आणि हळूहळू दोघांचा श्वास एका लयीत येतो. बस, एवढंच. थिएटरमधून हा सिनेमा आठवड्यात उतरला. मी मोबाइलवर अकरा वेळा पाहिला.

पण मी निघाले होते ती त्या दोघांसाठी नाही. ती दोघं उभी असताना मागे, अंधूक, एक धावपटू वळणावर पडते, उठते आणि लंगडत सगळ्यांच्या शेवटी शर्यत पुरी करते. पाचव्यांदा पाहताना ती मला दिसली, आणि त्यानंतर दुसरं काही दिसेना. कॉलेजात असताना जिल्हा स्पर्धेत आठशे मीटरला मी अशीच वळणावर पडले होते. उठले ती सरळ मैदानाबाहेर गेले आणि पुन्हा कधी धावले नाही. ही बाई सांगितलं म्हणून पडली की खरंच पडली, एवढं मला विचारायचं होतं.

छत्रपती संभाजीनगरला उतरले तेव्हा बारा वाजत आले होते. गुलमंडीजवळच्या लॉजवर पिशवी टाकली आणि डबा न उघडताच मैदान गाठलं. पडद्यावर ते अफाट वाटलं होतं. प्रत्यक्षात कठड्याचा रंग उडालेला, आणि वळणावर दोन शेळ्या चरत होत्या. मी त्या वळणावर दोनदा जाऊन आले. वॉचमन चाचा मला बराच वेळ न्याहाळत होते. मी मोबाइलवर तो प्रसंग दाखवला, तेव्हा म्हणाले, “पिक्चरवाल्यांना पळणाऱ्या पोरी सरांनी दिल्या होत्या. सर पडेगावला राहतात.”

रिक्षाने पडेगावला गेले. हे सर म्हणजे सत्तरीतले निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी चहा केला, चष्मा शोधला, चष्म्याची काच पुसली. मला खुर्चीत बसवेना. मग एका नजरेत त्यांनी तिला ओळखलं. सुनीता, पाचोडची. पोलीस भरतीसाठी त्यांच्याकडे सराव करायची, भरती हुकली, आता आठवडी बाजारांत तयार कपडे विकते. उद्या पाचोडचाच बाजार आहे, असं त्यांनी सांगितलं. निघताना म्हणाले, “तिने हा सिनेमा पाहिलेला नाही, बरं का.”

संध्याकाळी नान-खलिया (मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा आणि तंदुरी नान) मागवलं. चव उत्तम होती, पण अर्धं ताटात राहिलं.

दुसऱ्या दिवशी घाईने घोळ केला. पाचोड पैठण तालुक्यात येतं म्हणून मी पैठणच्या बसमध्ये चढले. बिडकीनला कळलं, की पाचोड बीडच्या रस्त्यावर आहे. उतरले, परत शहरात आले, बीडची बस धरली. खिडकीबाहेर मोसंबीच्या बागा होत्या. मी घड्याळ बघत होते.

बाजार ऐन भरात होता. एका पालाखाली (बाजारातल्या दुकानाचं कापडी छत) फ्रॉक आणि गाऊन टांगलेले होते, आणि मधे तिशीतली एक उंच बाई उभी होती. मी नाव विचारलं, ओळख सांगितली, आणि लगेच माझा प्रश्न विचारून टाकला.

“खरंच पडले की वो,” ती म्हणाली. “लेस पायात आली. तिकडून माईकवर थांबा थांबा वरडत व्हते. मला वाटलं, पळा म्हणतेत.”

मी तिला माझ्या शर्यतीचं सांगितलं. नवऱ्यालाही इतकं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. मग विचारलं, लाज नाही वाटली?

तिने हातातला फ्रॉक घडी घालून ठेवला. “ताई, तिथं सगळी लोकं त्या दोघांकडं बघत व्हती. माझ्याकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. मग लाजायचं कुणाला?”

मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की सगळं स्टेडियम माझ्याकडे बघत होतं. आता त्यातला एक तरी चेहरा आठवून पाहिला. एकही आठवेना. तिथे बहुतेक सगळे पहिल्या आलेल्या मुलीकडे बघत असणार.

मोबाइलवर मी तिला तो प्रसंग लावून दिला. तिने पाहिला आणि परत लावायला सांगितला. मी बोट ठेवून तिची जागा दाखवली, तर तिने माझं बोट बाजूला केलं.

“मी तिथं व्हते ते मला म्हाईत हाय. ह्या दोघांचं काय चाललं व्हतं ते तवा बघायलाच मिळालं नाय.”

मग सिनेमा पहिल्यापासून लावला. मोबाइल गाऊनच्या ढिगाला टेकवून ठेवला. गिऱ्हाईक आलं की थांबवायचा, गेलं की पुढे. मधे तिने धपाटे आणि दही पुढे केलं; मी सगळं संपवलं. कठड्याचा प्रसंग आला तेव्हा तिने पालापाशी आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं. सिनेमा संपला, नावं यायला लागली, तशी ती माझ्याकडे वळली.

“मग लगीन झालं का त्यांचं?”

सिनेमात ते दाखवलेलं नाही, असं मी म्हणाले. ते तिला मुळीच पटलं नाही. तो मुलगा तिच्याबरोबर राहील, पण तिच्या पुढे धावायची त्याची सवय सुटायला लई दिवस लागतील, असं तिचं मत पडलं. मी म्हणाले, मुलगीच त्याला सोडून पुढच्या शर्यतीला जाईल. बस येईपर्यंत आमचा वाद चालू होता, आणि बस सुटल्यावरही ती खिडकीशी काहीतरी सांगत चार पावलं आली. मोटारीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

परतीच्या सगळ्या वाटेवर, ती काय म्हणाली असेल, याचाच मी विचार करत होते. वाटलं होतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की जीव स्वस्थ होईल. तसं झालं नाही. नाशिक जवळ आलं तरी ती दोघं माझ्या डोक्यात कठड्यापाशीच उभी होती. पुढे त्यांचं कसं व्हायचं, ही काळजी अकरा वेळा सिनेमा पाहून मला एकदाही शिवली नव्हती.