नोएलीनचा गुरुवार

नोएलीन टॅरंटला बसता येत नाही. खुर्ची दिली तर ती काठावर टेकते, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठून कुठलं तरी पुस्तक सरळ करून येते. उमेदीची सगळी वर्षं तिनं सामुद्रधुनीच्या फेरीबोटीवर स्वयंपाक केला. तिथं एका हातानं पातेलं धरायचं आणि दुसऱ्या हातानं स्वतःला, मग बसायची सवय लागणार कुठून? एक नवरा होता, बॅरी नावाचा. तो कामासाठी म्हणून पर्थला गेला आणि तिथल्या उन्हातच रमला. नोएलीन त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. "माझ्याबरोबर राहायचं म्हणजे सारखं उभंच राहायचं. दमला बिचारा," एवढंच म्हणते.

न्यूटाउनात, इस्पितळाच्या खालच्या अंगाला आमचं पुस्तकांचं दुकान आहे. नाव 'मोडकी छत्री'. दक्षिणेचा वारा सुटला की ज्या गावात कचऱ्याच्या पेट्यांतून छत्र्यांच्या काड्या बाहेर येतात, तिथं दुकानाला दुसरं काय नाव ठेवणार? दुकानाला मालक नाही. नव्या माणसाला ही गोष्ट आम्ही आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगतो, आणि जरा जास्तच फुशारकीनं सांगतो. संपांची पुस्तकं, तुरुंगांची पुस्तकं, इथल्या मूळच्या माओरींच्या हिसकावलेल्या जमिनींची पुस्तकं, सरकार नसेल तर सांडपाण्याचं काय करायचं त्याची पुस्तकं, आणि सायकल दुरुस्तीचं एक, जे सगळ्यात जास्त खपतं. रविवारी माणसं जमून कैद्यांना पत्रं लिहितात. गुरुवारी संध्याकाळी सूप आणि वाचन असतं. एक जण काहीतरी वाचतो, बाकीचे सूप पितात आणि त्याच्याशी वाद घालतात. हा गुरुवार नोएलीनचा. भाज्या तीच आणते, दार तीच उघडते, कोण वाचणार तेही तीच ठरवते. तिला कोणी नेमलं नव्हतं. आधी दुसऱ्या कोणाला उत्साह नव्हता, आणि पुढं विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आमच्याकडे मतदान नसतं. विषय निघाला की सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं. हात वर करून बोटं नाचवली की होकार. मूठ वर केली की नकार, आणि एकाची मूठ सगळा प्रस्ताव पाडायला पुरते. म्हणून मूठ फार जपून वापरायची. दुकानाचं नुकसान होत असेल तरच ती वर करायची, स्वतःच्या सोयीसाठी कधीच नाही. नवीन आलेल्यांना हे नोएलीनच शिकवते, डोळ्यांसमोर सुपाचा डाव नाचवत.

गेल्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी इस्पितळातली एक परिचारिका आत आली. तिला पगारवाढीच्या लढ्यासाठी सभा घ्यायची होती. ती म्हणाली, "इथं जागा हवी असेल तर कोणाला विचारायचं?"

साधाच प्रश्न होता. उत्तर पाठ होतं सगळ्यांना, की इथं कोणी वरचा नाही, सगळ्यांनाच विचारायचं. पण तोंडातून शब्द निघायच्या आधी दुकानातल्या झाडून सगळ्या माना नोएलीनकडे वळल्या. वाचणारा वाचायचा थांबला आणि त्याचीही मान वळली. नोएलीन डाव हातात धरून उभी राहिली. तिला त्या माना दिसल्या, आणि त्या माना बघणारी ब्रिगिटही दिसली.

ब्रिगिट शाळेत शिकवते. तिशीची आहे, स्पष्ट बोलते आणि बोलताना कानापर्यंत लाल होते. भांडी घासताना ती म्हणाली, "नोएलीन, पुढच्या बैठकीत मी गुरुवारचा विषय काढणार आहे. मागून बोलायचं नाही म्हणून आधी सांगते."

"गुरुवारला काय झालं? सूप खारट होतं?"

"सूप चांगलं होतं. पण आपल्याकडे नियम आहे ना, एक काम एकाच माणसाकडे वर्षाहून जास्त राहायचं नाही. तुझ्याकडे किती वर्षं आहे?"

"तो नियम कोणी आणला माहितीये तुला?"

"नाही."

"मी," नोएलीन म्हणाली, आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

खरं होतं ते. दुकान ज्यानं उभं केलं तो ॲलेक प्राउझ हळूहळू दुकानाचा धनी होऊन बसला होता. कुठलं पुस्तक कुठं, कोणाला बोलू द्यायचं, सगळं त्याच्या तंत्रानं चालायचं. नोएलीन तेव्हा बोटीवरून नुकतीच उतरलेली, संपात तावून निघालेली. तिनं फिरत्या कामांचा नियम मांडला, सगळ्यांनी बोटं नाचवली, आणि ॲलेकच्या हातातलं काम गेलं. त्यानं मूठ वर केली नाही. कोट घातला आणि निघून गेला. नोएलीनला तेव्हा बोटीवरच्या कप्तानाला खाली उतरवल्याचा आनंद झाला होता. त्या आनंदाची आता तिला लाज वाटू लागली.

ब्रिगिट बोलली त्या दिवसापासून नोएलीनच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी व्हिक्टोरिया टेकडी चढायची, वर जाऊन वाऱ्याला शिव्या द्यायच्या आणि खाली यायचं. घरातला ओव्हन घासला, मग शेजारणीचा घासला. शेजारीण म्हणाली, "माझं काही चुकलं का?" रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती ब्रिगिटला उत्तरं द्यायची. उत्तरं एकाहून एक फर्मास असायची, पण सकाळी त्यांतलं एकही आठवायचं नाही. राग ब्रिगिटचा यायचा, आणि त्याहून जास्त राग ब्रिगिटचं बरोबर आहे याचा यायचा.

एका दुपारी ती पेसामिनोच्या बसमध्ये चढली. पेसामिनो सामोआचा, मोठ्या अंगाचा माणूस, आयलंड बेच्या मार्गावर बस चालवतो आणि आमच्या दुकानात पुस्तकं लावतो. सगळे त्याला मिनो म्हणतात. तो थोरल्या बायकांना आंटी म्हणतो, तशी नोएलीनलाही म्हणतो.

"बस, आंटी."

"बसवत नाही."

"मग दांडा तरी धर. पडलीस तर मला खुलासे देत बसावं लागेल." वळण आलं, ते त्यानं सावकाश घेतलं. "कुठं उतरणार?"

"कुठंच नाही. शेवटापर्यंत जाते आणि तुझ्याबरोबर परत येते."

"भाडं भरून असली शिक्षा फक्त तूच घेऊ शकतेस." मिनोनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "गुरुवारचं ना? तू मूठ वर कर. मी काही बोलणार नाही, पण बोटंही नाचवणार नाही. मनापासून सांगू? सूप माझ्या गळ्यात पडणार आहे, आणि मला फक्त नारळाच्या दुधात शिजवलेली केळी येतात."

"आणि कारण काय सांगू?"

"कारण तुला सापडेल. तू आमच्यात सगळ्यात जुनी."

"तोच तर तिचा मुद्दा आहे, मिनो," नोएलीन म्हणाली. समुद्र आला, बस वळली, आणि ती तशीच उभ्यानं परत आली.

बैठक रविवारी झाली. पत्रांची टेबलं बाजूला सारून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ब्रिगिटनं प्रस्ताव मांडला, की गुरुवार दर महिन्याला नव्या माणसाकडे जावा आणि सुरुवात मिनोनं करावी. कोणी नोएलीनकडे बघत नव्हतं, आणि न बघायची सगळ्यांची धडपड तिला नीट दिसत होती. एकेक हात वर गेला, बोटं नाचली. मिनोचे हात मांडीवरच राहिले.

नोएलीनची मूठ वर गेली.

"कारण?" ब्रिगिटनं हळूच विचारलं. विचारावंच लागतं, तशी रीत आहे.

"ती शेगडी," नोएलीन म्हणाली. "ती नाजूक आहे. पेटवताना जरा वेळ चावी दाबून धरावी लागते, नाहीतर गॅस..." कोणीतरी हसेल म्हणून ती थांबली. कोणी हसलं नाही. "शेगडीचं खोटं आहे. गुरुवार गेला तर मला जायला जागा नाही. आठवडाभर मी गुरुवारच्या दिशेनं चालत असते. तो काढलात तर मी चालू कुठं? एवढंच कारण आहे."

आमच्याकडे होकाराची खूण आहे, नकाराची आहे, मुद्द्यावर ये म्हणायचीसुद्धा आहे. पण या बोलण्याला कुठली खूण करायची ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचे हात नुसते मांडीवर पडून राहिले.

ब्रिगिट लाल झाली होती. "यानं दुकानाचं नुकसान होत नाही, नोएलीन."

"ठाऊक आहे. हे वाक्य तुला मीच शिकवलंय." तिनं मूठ खाली घेतली, कोटाची बटणं लावली आणि ती बाहेर पडली.

आता या जागी कोणीतरी उठून तिच्यामागं जायला हवं होतं. गुरुवारी ये, नुसतं सूप प्यायला ये, एवढं म्हणायला काय लागतं? पण आम्ही पडलो तत्त्वाची माणसं. कोणाला बोलावणं म्हणजे त्याच्यावर दडपण आणणं, असं निम्म्यांना वाटलं. दुसरं कोणीतरी जाईलच, असं उरलेल्यांना वाटलं. मालक नसलेल्या घरात दिवा प्रत्येकानं लावायचा असतो, म्हणून कोणीच लावत नाही. तसं झालं. कोणी गेलं नाही, आणि संध्याकाळी दार उघडायची किल्ली एकट्या तिच्याकडे आहे हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी जायचं नाही असं नोएलीननं ठरवलं होतं. सहा वाजता तिनं कोट घातला तो फक्त पाव आणायला. पाव मिळतो उजवीकडे, पाय वळले डावीकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तिच्या तर पायांतच पीळ होता. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे बसचा थांबा आहे. तिथवर येऊन ती थांबली.

दार बंद होतं. वाऱ्यात दहाबारा माणसं दाराशी दाटीवाटीनं उभी होती. मिनो दोन्ही हातांत सुपाचं मोठं पातेलं कवटाळून उभा होता, आणि ब्रिगिट कुलपाकडे बघत होती. नोएलीननं खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली, आणि तिला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. उभे राहा म्हणावं. त्यांचं काय चाललं असेल ते तिला इथूनही ऐकू येत होतं. नोएलीनला फोन करावा, तर ते तिला पुन्हा कामाला लावणं होईल. न करावा, तर सूप गार होईल. एकमत होईपर्यंत तिथंच गोठणार हे सगळे. बस आली, थांबली आणि निघून गेली.

आणि बस समोरून हलली तेव्हा, तिथं उभी राहून, नोएलीनला ॲलेक आठवला.

तो इथंच बसायचा. त्याच्या हातातलं काम गेल्यावर दर गुरुवारी, या बाकावर, कोट घालून. बसगाड्या यायच्या, जायच्या, तो चढायचा नाही. आत सूप ढवळताना काचेतून तिला तो दिसायचा. ती स्वतःला सांगायची, वाटलं तर येईल, इथं कोणाला आमंत्रण लागत नाही. पूर्ण हिवाळाभर तिनं स्वतःला हेच सांगितलं. मग एका गुरुवारी बाक रिकामा दिसला, आणि थोड्या दिवसांनी इस्पितळातून तो गेल्याचा निरोप आला. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. त्या काचेआडून रस्ता किती अरुंद वाटायचा. इकडून तो ओलांडवत नव्हता. पाय, जन्मभर कधी न थांबलेले तिचे पाय, जागचे हलत नव्हते.

"आंटी," पलीकडून मिनो ओरडला. त्यानं तिला पाहिलं होतं. "तिथं काय करतेस? आज ती बस मी चालवत नाहीये. ये इकडं, हात तुटले माझे."

बस्, एवढंच लागतं. एक हाक. ॲलेकला तिला ती केव्हाही मारता आली असती, आणि तिनं मारली नव्हती.

ती रस्ता ओलांडून आली. एका मोटारवाल्यानं कर्कश भोंगा वाजवला, तिकडे तिनं पाहिलंही नाही. किल्ली तिनं ब्रिगिटच्या हातात दिली. ब्रिगिट म्हणाली, "तुला विचारावं की नको, तेच आम्हाला..." आणि थांबली, कारण नोएलीन रडत होती, सगळ्यांदेखत, नाक पुसायचंही भान नव्हतं.

ब्रिगिटनं तिच्या खांद्याला धरलं. "नोएलीन, गुरुवार परत घे. आपण पुन्हा बोलू. मीच विषय काढते."

"गुरुवारसाठी नाही गं. ॲलेकसाठी."

ब्रिगिटनं मिनोकडे पाहिलं, मिनोनं बाकीच्यांकडे. कोणाच्याच चेहऱ्यावर ओळख उमटली नाही.

"कोण ॲलेक?" ब्रिगिटनं विचारलं.

नोएलीननं बाहीनं तोंड पुसलं.

"दार उघड," ती म्हणाली. "आत चला, सांगते. आज दुसरं कोणी काही वाचायचं नाही."